शब्द दिला, पण पाळावयाचा कोणी?

राज्यघटना हा फराळाबरोबर चाखावयाचा पदार्थ नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु तिच्यातले एक कलम आम्हा मराठवाड्याच्या माणसांसाठीही शिजविलेले आहे. तेव्हा ते कसे उतरले, हे आम्ही नाही तर कोणी सांगावयाचे?

1948 साली निजामाच्या राजवटीतून सुटलेला मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. मागे राहिलेल्या भागांना न्याय्य वाटा देण्याचे वचन 1953 च्या नागपूर करारात होतेच. सातव्या घटनादुरुस्तीने 1956 मध्ये कलम 371 त त्याला आधार दिला. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांना स्वतंत्र विकास मंडळे, निधीचे समन्यायी वाटप, तंत्रशिक्षण व नोकऱ्या यांची सोय, आणि या सर्वांची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे. हेतू निर्मळ आहे, याविषयी मला शंका नाही.

मेख आहे ती क्रियापदात. राष्ट्रपती अशी तरतूद करू शकतात. केलीच पाहिजे, असे नाही. परिणाम असा, की मंडळे जन्माला यावयास 1994 साल उजाडले. त्यांनाही मुदत, ती वेळोवेळी वाढली आणि 30 एप्रिल 2020 रोजी सरली. घटनेने दिलेला शब्द भाडेपट्ट्यासारखा संपावा, हे मला खटकते.

सारा दोष दिल्लीवर ढकलणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री नांदेड-लातूरने दिले. तरीही एप्रिल 2016 मध्ये लातूरकरांना पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आले! आपला माणूस खुर्चीवर असला की काही धरणे होतात, काही संस्था उभ्या राहतात. पण ते त्या माणसाचे कर्तृत्व. घटनेने अशी व्यवस्था द्यावी, की माणूस बदलला तरी वाटा बदलू नये.

येथे जबाबदारी राज्यपालांची, तिजोरीची किल्ली मंत्रिमंडळाकडे. मतदाराने जाब विचारावा तो कोणाला? राज्यपाल मते मागावयास येत नाहीत. मंत्री येतात, पण कलमाचे नाव काढीत नाहीत.

तरी हे कलम मी टाकाऊ ठरवीत नाही. मंडळाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावयाचा, ही त्यातली तरतूद मोलाची. तिच्यामुळे अनुशेष हे रडगाणे न राहता मोजून मागता येणारे देणे झाले. उरले ते एवढेच, की ‘करू शकतील’ च्या जागी ‘करतील’ लिहावयाचे. एका क्रियापदाचा प्रश्न आहे. पण त्याची किंमत लातूरच्या घागरीला विचारावी.