विकृत मेल-शीर्षके आणि पाठचिकित्सेचा विवेक

ई-मेलच्या शीर्षभागात, म्हणजे हेडरमध्ये, दोष आढळल्यास मेल-क्लायंटने काय करावे, हा प्रश्न केवळ अभियांत्रिकीचा समजला जातो. वस्तुतः तो पाठचिकित्सेचाही आहे.

आपल्या सोलापूरचेच उदाहरण घेऊ. ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ हे नाव पत्राच्या विषयात लिहिले, की युटीएफ-८ संकेतात त्याचे १३० बाइट होतात. १९९६ च्या आरएफसी २०४७ नुसार एक संकेतबद्ध खंड ७५ चिन्हांहून लांब असता कामा नये; बेस-६४ पद्धतीने त्यात ४५ बाइटच मावतात. म्हणजे नावाचे तीन खंड पडतात. कोणतेही वर्णचिन्ह दोन खंडांत तोडू नये, असाही नियम तेथे आहे. तो न जुमानता पंचेचाळिसाव्या बाइटवर कात्री चालविली, तर ती नेमकी ‘अहिल्या’तील हलन्तचिन्हावर पडते : दोन बाइट अलीकडे, एक पलीकडे. प्रत्येक खंड स्वतंत्रपणे उलगडणाऱ्या क्लायंटला तेथे निरर्थक चिन्हेच दिसतात. सर्व बाइट आधी सांधून मग वाचणारा क्लायंट नाव अखंड देतो. ही दुरुस्ती नियमबाह्य खरी, परंतु निर्दोष होय. कारण तेथे दुसरा पाठ संभवतच नाही.

प्रेषकाच्या रकान्याची गोष्ट निराळी. २००८ च्या आरएफसी ५३२२ नुसार तो एकदाच यावयास हवा. तो दोनदा आला, आणि तपासणी करणाऱ्या सर्व्हरने पहिला व क्लायंटने दुसरा प्रमाण मानला, तर तोतयाचे काम फत्ते झालेच म्हणावयाचे! देताना काटेकोर, घेताना उदार असावे, हे जॉन पोस्टेल यांचे १९८० मधील सूत्र येथे अपुरे पडते. सदोष पत्रे सरसकट नाकारण्यापेक्षा काही सहिष्णुता बरी, असे २०१४ चा आरएफसी ७१०३ मानतो. अशा सहिष्णुतेने दोषच रूढ होतात, असा इशारा २०२३ चा आरएफसी ९४१३ देतो. दोन्ही मते ग्राह्य आहेत. पण पत्र उघडून बसलेल्या वाचकाला काय दाखवावे, याचे उत्तर एवढ्याने मिळत नाही.

ते पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीत सापडते. वि. सी. सुखटणकरांनी अनिश्चित पाठांखाली नागमोडी रेषा छापली आणि पाठभेद तळटीपांत दिले. निवड त्यांनीही केली, पण ती झाकली नाही. क्लायंटनेही दोन प्रेषक आढळल्यास दोन्ही दाखवावेत, संशयाची खूण करावी, आणि मूळ शीर्षभाग जसाच्या तसा उघडून पाहण्याची सोय ठेवावी.