पडद्यावरील गती : एक औचित्यविचार

समाजमाध्यमांच्या पडद्यावरील गतीला निव्वळ अलंकार मानून चालणार नाही. क्षेमेंद्राने काव्याला लावलेली औचित्याची कसोटी तिलाही लावली पाहिजे. ट्विटरने २०१० मध्ये विकत घेतलेल्या ‘ट्वीटी’ या ॲपमध्ये लॉरेन ब्रिक्टर यांनी योजलेली गती या कसोटीला उतरते. बोटाने यादी खाली ओढावी, तिने किंचित ताण धरावा आणि सोडताच नवा मजकूर यावा. येथे गती वाचकाच्या कृतीतूनच उपजते व त्या कृतीचा अर्थ सांगते.

२०१५ मध्ये ट्विटरने ताऱ्याच्या जागी हृदयाचे चिन्ह आणले. स्पर्श होताच ते ठिणग्या उधळीत फुलत असे. कृतीची पोच त्यातून मिळे हे खरे. परंतु विनोदावर जो उत्सव, तोच शोकवार्तेवरही! हा उघड रसभंग होय.

आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितीत तर वाचकाच्या कृतीला स्थानच उरत नाही. इतर मजकुरासोबत आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून अधिक काळ चालणारी हालचाल थांबविण्याची सोय असावी, असा दंडक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमच्या २००८ मधील सुलभताविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी घालून दिला आहे. त्यातील मर्म समीक्षकाने ओळखावे. जिचा आरंभ आणि अंत वाचकाच्या हाती नाही, ती गती कितीही मोहक असली तरी त्याचे लक्ष वेठीस धरते, असेच म्हणणे प्राप्त आहे.