खंबाटकीपलीकडचं शहर

सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’मध्ये (२०१०) लग्नाला नकार द्यायला मुंबईहून आलेली मुलगी आणि पुण्याचा मुलगा दिवसभर शहरात फिरतात, बोलतात, भांडतात. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरून संजय जाधव यांनी केलेल्या ‘दुनियादारी’त (२०१३) पुण्याचा कॉलेजकट्टा आहे. हे दोन्ही चित्रपट मी साताऱ्यात पाहिले आणि दोन्ही आवडले. तरी एक गोष्ट खटकत राहिली. या शहरांत वेळ फुकट मिळतो, आणि त्या फुकट वेळातच प्रेम आणि मैत्री फुलतात.

आमच्या भागातल्या कष्टकरी माणसाला शहर असं भेटलं नाही. जावळी-पाटणचा माथाडी मुंबईत गावकीच्या खोलीत राहिला. खानापूर-आटपाडीचा गलाईवाला सोनं-चांदी गाळायला देशभर पांगला, थेट कोलकात्यापर्यंत गेला. माझे एक चुलते अशाच खोलीत राहत. वाट्याला पथारीपुरती जागा. आजारी पडलेल्याला दवाखान्यात कोण नेणार, गावी निघालेल्याच्या हाती पैसे कुणी धाडायचे, यातच त्यांची मैत्री होती. चुलती गावी. दोघांनी एकत्र काढलेले दिवस म्हणजे गणपती, यात्रा आणि सुगी. त्यांचं एकमेकांवर प्रेम नव्हतं, असं कोण म्हणेल?

या अनुभवाच्या जवळ येणारा मराठी चित्रपट म्हणजे समीर विद्वांस यांचा ‘डबल सीट’ (२०१५). रोह्याहून मुंबईच्या चाळीत आलेल्या मंजिरीला आणि तिच्या नवऱ्याला हक्काचा एकांत नाही. चौरस फुटांचा हिशेब इथे प्रेमाच्या आड येतो. मात्र नवरा-बायको निदान एका छपराखाली आहेत.

आदित्य विक्रम सेनगुप्ता यांचा ‘आशा जाओआर माझे’ (२०१४) हा बंगाली चित्रपट आणखी पुढे जातो. कोलकात्यातलं हे जोडपं. बायकोला दिवसपाळी, नवऱ्याला छापखान्यात रात्रपाळी. भेट होते ती पाळी बदलतानाच्या काही क्षणांपुरती. जवळजवळ निःशब्द असलेल्या या चित्रपटात एकाने आवरून ठेवलेलं घर दुसऱ्याला सापडतं आणि तेच त्यांचं बोलणं होतं. तो पाहताना मला चुलतीने गावाहून धाडलेला चटणीचा डबा आठवला.

मराठीत हे धाडस नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’मध्ये (२०१६) केलं. उत्तरार्धात आर्ची आणि परशा कामाला जातात, झोपडीत राहतात, भांडतात, पुन्हा उभे राहतात. जिवाला जीव देणारे मित्र गावाकडेच राहिलेले. इथे प्रेमाला मजुरीचा घाम लागतो. पण ते शहर हैदराबाद आहे. पळून गेलेल्यांना दूरचा मुलूख गाठावा लागतो हे खरं. तरीही राबणाऱ्या मराठी जोडप्याचं शहर पाहायला आपल्याला राज्याची हद्द ओलांडावी लागली, याची नोंद समीक्षेने घ्यायला हवी.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, त्याचा अभिमान आम्ही दरवर्षी मिरवतो. त्याच जिल्ह्यातून भट्टीवर गेलेल्या माणसाच्या संसाराची गोष्ट पडद्यावर मांडणारा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. गावकीच्या खोल्यांतले जुने रहिवासी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याशी बोलायला कुणी पटकथाकार खंबाटकी ओलांडून येणार असेल, तर त्याने फार उशीर करू नये. माझे चुलते आता नाहीत. चुलती आहे, आणि विचारलं तर ती सांगते.