चैन आणि चैनीची वस्तु

‘चैन’ हा शब्द मराठींत दोन अर्थांनीं चालतो. एखादा मनुष्य सढळ हातानें पैसा उडवूं लागला म्हणजे तो चैन करतो असें आपण म्हणतों. आणि मूल वेळेवर घरीं परतलें नाहीं म्हणजे आईच्या जिवाला चैन पडत नाहीं असेंहि आपणच म्हणतों. पहिल्या चैनीस द्रव्य लागतें, दुसरीस स्वास्थ्य लागतें. विलासाच्या वस्तूंविषयीं आज जगभर जी चर्चा चालते तींत पहिल्या चैनीचा हिशेब पैपर्यंत मांडलेला असतो. दुसरीची आठवण क्वचितच कोणास होते. परंतु खरा विलास कशास म्हणावा ह्या प्रश्नाचें उत्तर ह्या दुसऱ्या अर्थांतच दडलेलें आहे असें माझें मत आहे, आणि तेंच येथें मांडावयाचें आहे.

ह्या विचारास निमित्त क्षुल्लकच झालें. एका स्नेह्यांच्या घरच्या लग्नांत जेवणाच्या वेळीं माझ्या समोर एक तरुण बाई बसल्या होत्या. त्यांच्याजवळ एका प्रख्यात परदेशी पेढीची बॅग होती. ती खालीं ठेववेना, कारण फरशी ओली होती; शेजारच्या खुर्चीवर ठेववेना, कारण वाढपी आमटीचीं भांडीं घेऊन तेथूनच जात होते; मांडीवर ठेवावी तर तुपाचा हात लागण्याची धास्ती. शेवटीं त्यांनीं ती ओढणींत गुंडाळून पोटाशीं धरली आणि एका हातानें कसेंबसें जेवण उरकलें. वस्तु चैनीची होती, पण जेवण संपेपर्यंत त्या बाईंना चैन म्हणून पडली नाहीं. त्यांचा उपहास करण्याचा अधिकार मला नाहीं. माझ्या कपाटांतहि कातडी बांधणीचीं चार पुस्तकें अशीं आहेत कीं, जीं मळतील ह्या भीतीनें मीं कधीं उघडून वाचलेलीं नाहींत.

वस्तुतः पिशवी ही जातीनेंच सेवक. आपल्याकडे चंची होती, बटवा होता, झोळी होती. ‘आजीबाईचा बटवा’ हा शब्दप्रयोग आजहि घरोघरीं ऐकूं येतो. तो बटवा कोणत्या कापडाचा होता, कोणीं शिवला होता, ह्याची कोणी चौकशी करीत नाहीं. आंत सुंठ आहे, वेखंड आहे, जायफळ आहे, आणि मध्यरात्रीं मूल रडूं लागलें असतां तें हाताला लागतें, एवढ्यावरच त्याची सारी कीर्ति उभी आहे. आजच्या फॅशनच्या जगांत हा क्रम उलटला आहे. बॅगेच्या आंत काय आहे हें कोणी पाहत नाहीं. बाहेर कोणाचें नांव आहे तें पाहतात. सेवकाचा धनी झाला, आणि धनीण त्याची छत्री धरून चालूं लागली.

ह्या स्थित्यंतराचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे पॅरिस येथील एर्मेस पेढीची ‘बर्किन’ ही बॅग होय. ही पेढी थिएरी एर्मेस ह्यानें १८३७ सालीं घोड्यांचे साज बनविण्यासाठीं स्थापन केली. १९८४ सालीं पेढीचे प्रमुख झाँ-लुई द्युमा विमानानें प्रवास करीत असतां जेन बर्किन ही इंग्रज नटी व गायिका त्यांच्या शेजारीं येऊन बसली. तिचें सामान घरंगळून खालीं पडलें, आणि लहान मूल असलेल्या आईला पुरेल अशी बॅग कोठेंच मिळत नाहीं, अशी तक्रार तिनें केली. विमानांत ओकारीसाठीं जी कागदी पिशवी ठेवलेली असते तिच्यावर तेथल्या तेथें नव्या बॅगेचें रेखाटन झालें, आणि पुढें पेढीनें ती बनवून तिला दिली. ज्या बॅगेसाठीं आज धनिकांनाहि तिष्ठत बसावें लागतें ती अशी एका आईच्या अडचणींतून जन्मास आली.

जेन बर्किननें ती बॅग मनसोक्त वापरली. तिच्यावर लोकसेवा करणाऱ्या संस्थांचे स्टिकर चिकटविले, पट्ट्याला नेलकटर लटकविलें, आणि तिच्या अंगावर जे ओरखडे उठले ते उठूं दिले. १९९४ मध्यें एड्सच्या रोग्यांसाठीं चाललेल्या कार्यास साह्य म्हणून तिनें ती लिलावांत देऊनहि टाकली. २०२३ मध्यें जेन बर्किन निवर्तली. पुढें १० जुलै २०२५ रोजीं पॅरिस येथें सदबीज ह्या लिलावपेढीनें हीच जुनी बॅग विकावयास काढली, तेव्हां एका जपानी ग्राहकानें ती सुमारें ८६ लक्ष युरोंस, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें ८६ कोटि रुपयांस, विकत घेतली. त्या दिवसापर्यंत कोणत्याहि हँडबॅगेस लिलावांत एवढी किंमत आली नव्हती.

ह्या घटनेंत मौज आहे आणि खेदहि आहे. नव्या बर्किन बॅगेबरोबर पावसापासून तिचें रक्षण करणारें तिचें स्वतःचें आवरण देण्यांत येतें; कित्येक मालकिणी तिला ओरखडा उमटूं नये म्हणून ती कपाटाबाहेर काढीतच नाहींत. आणि ज्या बॅगेस सर्वांत अधिक मोल आलें ती नेमकी डागांनीं व ओरखड्यांनीं भरलेली! ज्या निष्काळजी, मोकळ्या वापरामुळें ती वस्तु एका आयुष्याची सोबतीण झाली, तो वापर कोणासहि विकत घेतां येत नाहीं. म्हणून त्याच्या खुणाच ८६ कोटींना विकल्या गेल्या. खेद एवढ्यासाठीं कीं, एवढी किंमत मोजल्यावर आतां त्या बॅगेंत कोणी मुलाच्या दुधाची बाटली ठेवणार नाहीं. जिनें तिच्या मालकिणीला चैन दिली, ती स्वतः आतां पहाऱ्यांत राहील.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं, साधेपणाचा उपदेश करणाऱ्या मंडळींत मी जाऊन बसलों. तसें नाहीं. उत्तम वस्तूचा सोस हा दोष आहे असें मला वाटत नाहीं, आणि ह्या पेढीच्या कारागिरीस नांव ठेवणें तर अन्यायाचें होईल. एका धाग्याच्या दोन टोकांस दोन सुया ओंवून, प्रत्येक भोकांतून त्या समोरासमोरून काढीत घातलेली खोगिराची शिवण तेथें अजून हातानेंच घालतात. यंत्राच्या शिलाईंत वरचा व खालचा असे दोन धागे एकमेकांत अडकविलेले असतात. एक तुटला कीं उसवण पुढें धांवते. ह्या हातशिवणींत एक टांका तुटला तरी शेजारचा जागचा हालत नाहीं. खोगीर उसवलें तर स्वाराचा जीव जाईल, ह्या जाणिवेंतून ही शिवण जन्मास आली. पुरी बॅग बहुधा एकच कारागीर बनवितो. एवढ्या श्रमांना अधिक मोल पडावें ह्यांत गैर कांहींच नाहीं.

परंतु ग्राहक जें मोल देतो तें श्रमांचें देतो कीं महागपणाचें? थॉर्स्टाइन व्हेब्लेन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १८९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ ह्या ग्रंथांत हाच प्रश्न एका चमच्याच्या निमित्तानें विचारला आहे. हातानें घडविलेला चांदीचा चमचा आणि यंत्रानें काढलेला हलक्या धातूचा चमचा, दोहोंनीं जेवण सारखेंच होतें. तरी पहिला आपणांस सुंदर वाटतो. मग तो हातघडणीचा नसून केवळ हुबेहूब नक्कल आहे असें कोणीं दाखवून दिलें कीं, आपला आनंद एकदम ओसरतो. चमचा तर तोच असतो. तेव्हां ज्यास आपण सौंदर्य म्हणतों तें पुष्कळ अंशीं महागपणाचेंच दुसरें नांव आहे, असा व्हेब्लेनचा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष चतुर आहे, पण मला तो अर्धाच खरा वाटतो. एखादी कविता आपणांस आवडली, पाठहि झाली, आणि मागाहून कळलें कीं कवीनें ती दुसऱ्याच्या वहींतून उचललेली आहे. शब्द तेच, वृत्त तेंच. तरी त्या कवीच्या नांवानें ती पुन्हां म्हणवत नाहीं. येथें तर किंमतीचा प्रश्नच नव्हता. मग ओसरलें काय? ओसरला तो विश्वास. कोणीतरी ह्या ओळींसाठीं स्वतः जागलें आहे असें आपण धरून चाललों होतों, तें खोटें ठरलें. चमच्याचेंहि तसेंच आहे. उत्तम वस्तु हातांत घेतांना कोणीतरी हिच्यावर जीव लावून काम केलें आहे असा विश्वास आपण त्या किंमतींत विकत घेत असतों. विलासांतला उदात्त अंश कोणता असेल तर तो हाच.

आणि म्हणूनच २०२४ सालीं इटलींत जें उघडकीस आलें तें केवळ व्यापारी वृत्त म्हणून वाचून सोडून देतां येत नाहीं. त्या वर्षाच्या जून महिन्यांत मिलान येथील न्यायालयानें दिऑर पेढीसाठीं बॅगा तयार करवून घेणारी इटलींतील एक उपकंपनी न्यायालयीन देखरेखीखालीं ठेवली. तपासाच्या कागदपत्रांत असें नमूद होतें कीं, दुकानांत सुमारें २६०० युरोंस विकल्या जाणाऱ्या एका बॅगेच्या जुळणीसाठीं कंत्राटदारास ५३ युरो मिळत होते. चामड्याचा खर्च त्यांत धरलेला नव्हता हें खरें. परंतु कामगार कामाच्या जागींच झोपत होते, आणि काम लवकर उरकावें म्हणून यंत्रांवरील संरक्षक साधनें काढून ठेवलेलीं होतीं, असेंहि तपासांत आढळलें. स्वतः त्या पेढीवर फौजदारी आरोप नव्हता, आणि २०२५ च्या आरंभीं ती देखरेखहि उठविण्यांत आली, हें सांगणें न्यायाचें आहे. पण टीकाकारापुढील प्रश्न कायद्याच्या प्रश्नाहून निराळा असतो. ती बॅग कायद्यानें अस्सलच होती. तिच्यावरील नांव खरें, चामडें खरें, पावती खरी. ज्या विश्वासासाठीं ग्राहकानें एवढे पैसे मोजले, तेवढाच काय तो नकली निघाला. अशा वेळीं अस्सल वस्तु आणि हुबेहूब नक्कल ह्यांत काय भेद उरला, तें निदान मला तरी सांगतां येणार नाहीं.

पुढच्याच वर्षीं हा प्रश्न मिलानहून निघून कोल्हापुरास येऊन पोंचला. जून २०२५ मध्यें प्राडा पेढीनें मिलान येथें पुरुषांच्या पोषाखांचें प्रदर्शन भरविलें, त्यांत थेट कोल्हापुरी वळणाचीं पायताणें होतीं. कोल्हापूरचें नांव मात्र कोठेंहि नव्हतें. कोल्हापुरी चपलेस २०१९ सालींच भौगोलिक मानांकन मिळालेलें असल्यानें इकडे साहजिकच गहजब झाला. पेढीनें मग ऋण मान्य केलें, तिचे लोक कोल्हापुरास येऊन कारागिरांस भेटून गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्र व कर्नाटक ह्या राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं करार होऊन २००० जोड येथें बनवून घेण्याचें ठरलें. एका जोडाची किंमत सुमारें ८०० युरो!

आपल्या वृत्तपत्रांतून ह्या प्रकरणाची चर्चा बहुतेक चोरी आणि अभिमान ह्या दोन शब्दांभोंवतींच फिरली. मला त्याहून निराळें कांहीं दिसतें. कोल्हापुरी चपलेचें चामडें परंपरेनें बाभळीची साल व हिरडा ह्यांत कमावतात. शिवण चामड्याच्याच वादीची असते, खिळा मारीत नाहींत. नवी असतां ती चावते, करकरते, तिला तेल पाजावें लागतें. महिन्या दोन महिन्यांनीं मात्र ती घालणाराच्या पायाचा आकार घेते, आणि मग ती दुसऱ्या कोणाच्या पायास नीटशी बसत नाहीं. जेन बर्किनच्या बॅगेस जें एका आयुष्यानें दिलें, तें आपल्या शेतकऱ्याच्या पायताणास रोजची वाट देत आली आहे. बाजारांत ती कांहींशें रुपयांना मिळते म्हणून आपण तिला गरजेची वस्तु समजलों. उद्यां परदेशांतल्या कांचेच्या कपाटांतून ८०० युरोंची चिठ्ठी लावून ती निघाली म्हणजे तिला चैनीची वस्तु म्हणूं. मधल्या प्रवासांत चपलेंत काय भर पडली? त्या वाढलेल्या किंमतीबरोबर शिवणाऱ्याचें नांव व शिवणाऱ्याची मजुरीहि वाढली, तर तो प्रवास सार्थकीं लागला. नाहीं तर ५३ युरोंचीच गोष्ट पुन्हां एकदां घडली असें होईल.

अकराव्या शतकांत काश्मिरांत होऊन गेलेल्या क्षेमेंद्रानें ‘औचित्यविचारचर्चा’ ह्या ग्रंथांत काव्याची जी कसोटी सांगितली ती ह्या वस्तूंसहि लावून पाहावी. अलंकार कितीहि मौल्यवान असो, तो आपल्या उचित जागीं असेल तरच शोभा देतो. कमरपट्टा गळ्यांत घातला तर लोक हंसतात. बॅगेचें औचित्य तीन ठिकाणीं पाहावें लागेल. जें काम तिनें करावयाचें तें ती करते काय? जी व्यक्ति ती बाळगते तिच्या जीवनांत ती धाकाशिवाय वावरूं शकते काय? आणि ज्यानें ती शिवली त्याला रात्रीं आपल्या घरीं झोप मिळाली काय? तिन्ही प्रश्नांचें उत्तर होकारार्थी येईल ती वस्तु, मग ती पांच हजारांची असो कीं पांच लाखांची, खऱ्या विलासाची. एकाहि ठिकाणीं नकार आला तर ती केवळ महाग.

ज्या बाईंपासून हा विचार सुरू झाला त्यांची व माझी पुन्हां भेट झालेली नाहीं. त्यांची बॅग कदाचित् ह्या तिन्ही कसोट्यांस उतरेलहि. मला ठाऊक नाहीं. पुढच्या एखाद्या लग्नांत त्यांनीं ती खुशाल ओल्या फरशीवर ठेवावी, तिच्यावर आमटीचा एखादा थेंब पडूं द्यावा, आणि दोन्ही हात मोकळे ठेवून जिलबी संपवावी, एवढीच इच्छा आहे. त्या दिवशीं त्या बॅगेचे पैसे वसूल होतील.