केसांचा रकाना

ग्रंथाचे परीक्षण करताना त्यात काय लिहिले आहे हे पाहण्याची रीत आहे. कायद्याच्या अभ्यासकास आणखी एक सवय जडलेली असते. ग्रंथ कोठे मौन धरतो, हेही तो पाहतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळाचे नियमपुस्तक आम्ही याच दृष्टीने वाचले. आपल्याकडील तरुण मंडळीही आता हा खेळ खेळू लागली आहेत, आणि वडीलधाऱ्यांची त्याविषयीची मते बहुधा पुस्तक न उघडताच बनलेली असतात. म्हणून हा प्रपंच.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नसन या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून तीन पुस्तिकांच्या पेटीच्या रूपाने प्रसिद्ध झाला. पहिल्या खेपेस एक हजार प्रती छापल्या होत्या. चारपाच जणांनी मेजाभोवती बसावे, एकाने सूत्रधार व्हावे, इतरांनी एकेक पात्र अंगी घ्यावे, आणि बोलत बोलत कथा पुढे न्यावी. कृती यशस्वी होईल की नाही याचा संशय असेल तेथे वीस बाजूंचा फासा टाकावा. खेळाडूंनी एकमेकांस जिंकावयाचे नसते. जो खेळाडू प्रत्येक कलमाचा कीस काढतो त्याला ही मंडळी 'नियमांचा वकील' म्हणून चिडवतात. आमच्या व्यवसायाची ही कीर्ती सातासमुद्रापलीकडेही पोचलेली पाहून आम्हांस गंमत वाटली.

२०१४ सालच्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये पात्राचे बल, चापल्य, चिवटपणा, बुद्धी, विवेक आणि प्रभाव असे सहा गुण आकड्यांनी ठरतात. पुढे पात्राच्या कागदावर वय, उंची, वजन, डोळे, त्वचा आणि केस असे रकाने येतात. उंची व वजन यांसाठी फासे टाकण्याचे कोष्टक दिले आहे. केसांसाठी कोष्टक नाही. बुटक्या ड्वार्फ जमातीचे पुरुष आपल्या दाढीस फार जपतात, एवढे पुस्तक सांगते. पण दाढी काढल्यास गुण घटतील असे कोठेही म्हणत नाही. केसांचा रकाना खेळाडूने हवा तसा भरावा.

यावर दोन मते सहज ऐकू येतात. एक असे, की ज्या रकान्याचा निकालावर परिणाम नाही तो निरर्थक होय. दुसरे असे, की केसांची हौस आणि काल्पनिक सोंगे हे दोन्ही रिकामटेकड्यांचे चाळे आहेत. आम्हांस दोन्ही मते अग्राह्य वाटतात.

पहिल्या मताचे उत्तर खेळाच्या इतिहासातच आहे. १९८५ सालच्या 'अनअर्थ्ड आर्केना' या पुरवणीत गायगॅक्स यांनी रूप हा सातवा गुण घालून त्यासही आकडा दिला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मुख्य नियमांत तो राहिला नाही. प्रभाव आणि रूप यांची फारकत करून रूपाला भाव लावण्याचा हा प्रयत्न टिकला नाही, हे आमच्या मते योग्यच झाले. जेथे नियम बोलत नाही तेथे माणूस मोकळा असतो. त्या कागदावर खेळाडूने कोणासही हिशेब देऊ नये अशी जागा बहुधा हीच.

दुसऱ्या मतास उत्तर देण्यासाठी मेजावरून उठून बाहेर यावे लागेल. केस ही क्षुल्लक बाब असती तर न्यायालये आणि विधिमंडळे तिच्यात पडली नसती. केसांचा पोत व ठेवण यांवरून नोकरीत आणि शाळेत भेदभाव करू नये, असा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली केला. आपल्याकडे हवाई दलातील एका जवानाने धर्मास्तव दाढी ठेवण्याची मुभा मागितली, तेव्हा २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दलाच्या शिस्तीचा नियमच उचलून धरला. आणि आपण इतके दूर तरी का जावे? विधवांच्या केशवपनाची सक्ती याच समाजाने केली, धर्माच्या नावाने केली. हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' मधील यमूची कथा ज्याने वाचली आहे, त्याने केसांना क्षुल्लक म्हणण्याचे धाडस करू नये. डोक्यावरचे केस कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न माणूस स्वतःचा किती, या प्रश्नाहून वेगळा नाही.

तथापि या खेळात एक उणेपण आम्हांस दिसते. आपल्या देवळांच्या जत्रांत दशावतारी नट उभा राहतो तेव्हा स्वतःचा चेहरा तो स्वतः रंगवतो. स्त्रीपात्राचा केशसंभार रात्रभर डोक्यावर वागवतो आणि त्याचा भार पहाटेपर्यंत सोसतो. त्या सोंगाला शरीराची साक्ष असते. मेजावरच्या पात्राच्या जटेचे वजन खेळाडूच्या मानेस कधीच जाणवत नाही. निवड फुकट मिळाली की ती विचारावाचूनही होते. मग रुपेरी केसांचे, एकासारखे एक वीर कागदावर उतरतात आणि रकाना भरूनही रिताच राहतो. हा दोष नियम वाढवून जाणार नाही. रूपाचा आकडा पुन्हा आणून तर मुळीच नाही. तो सूत्रधाराच्या आणि सोबत्यांच्या जिज्ञासेने जाईल. या योद्ध्याने मुंडन का केले, या वृद्धेने वेणी का सोडली, असे कोणी विचारले की पात्राला पूर्वायुष्य येते.

हाच प्रश्न घरातही विचारता येईल. घरचा मुलगा वा मुलगी असा कागद भरताना दिसली, तर हा काय पोरखेळ असे म्हणण्याआधी वडीलधाऱ्यांनी केसांच्या रकान्यात काय लिहिले ते पाहावे आणि ते का, हे पुसावे. घरात ज्या केसांची परवानगी मिळत नाही तेच कदाचित तेथे लिहिलेले असतील. तसे असल्यास निर्णय खेळाविषयी नव्हे, परवानगीविषयी द्यावा लागेल. आणि त्या निवाड्यात वडील स्वतः पक्षकार आहेत, याचे भान त्यांनी ठेवावे.