गर्दीतली आई : एका गाजलेल्या लेखाचे फेरवाचन

लोकसंख्येचा धडा शिकवताना उंदरांच्या एका प्रयोगाची गोष्ट सांगण्याचा मोह होतो. उंदरांना भरपूर अन्न, पाणी आणि घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या दिल्या. शत्रू नाही, उपासमार नाही. उंदीर वाढत गेले, दाटी झाली आणि आयांनी आपली पिल्ले वाऱ्यावर सोडली. तात्पर्य असे की, गर्दी वाढली की मायासुद्धा आटते.

मीही ही गोष्ट एका शाळेत सांगितली होती. तास संपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, ''सर, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आई आणि दोन काकू मिळून आम्हा सात भावंडांना वाढवतात. मग आमचं काय?'' माणूस म्हणजे उंदीर नव्हे, असे काहीसे उत्तर मी दिले. ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. घरी आल्यावर मूळ लेख काढून पुन्हा वाचला. माझी चूक माणसांबद्दल बोलण्याच्या आधीच, उंदरांबद्दल बोलतानाच झाली होती, हे तेव्हा लक्षात आले.

हा लेख जॉन कॅल्हून यांचा. 'सायंटिफिक अमेरिकन'च्या फेब्रुवारी १९६२ च्या अंकात तो प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'लोकसंख्येची घनता आणि सामाजिक विकृती' असा होतो. लेखाचा आरंभ माल्थसच्या सिद्धान्ताच्या उल्लेखाने होतो. म्हणजे वाचकाला माणसांच्या लोकसंख्येची आठवण आधी होते आणि उंदीर नंतर भेटतात.

कॅल्हून यांनी १० फूट बाय १४ फुटांच्या खोलीचे विजेच्या कुंपणाने चार कप्पे केले होते. प्रत्येक कप्प्यात उंचावर बिळे आणि घरट्याच्या पेट्या, शिवाय अन्न व पाणी होते. कुंपणावरून जाण्यासाठी उतरते पूल होते. पहिल्या कप्प्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाता येई. चौथ्यातून पहिल्यात जाणारा पूल मात्र नव्हता. त्यामुळे कडेच्या दोन कप्प्यांना प्रत्येकी एकच वाट राहिली आणि मधल्या दोन कप्प्यांना दोन-दोन. एका कप्प्यात १२ याप्रमाणे ४८ उंदीर सुखाने राहतील असा हिशेब होता. प्रत्यक्षात प्रौढांची संख्या ८० पर्यंत वाढू दिली.

लेखाचे मोठेपण आधी मान्य केले पाहिजे. मांडणी इतकी स्वच्छ आहे की वाचकाला खोलीचा नकाशा काढता येतो. निरीक्षणे बारीक आहेत. दाटीत राहणाऱ्या माद्या घरटे बांधताना पट्टी अर्ध्या वाटेत टाकून देत आणि पुढे घरटे बांधणेच सोडून देत. पिल्ले दुसरीकडे हलवताना एखादे वाटेत पडे, ते उचलायला आई परत येत नसे. पहिल्या प्रयोगमालिकेत ९६ टक्के आणि दुसरीत ८० टक्के पिल्ले दूध तुटण्यापूर्वीच मेली. हे आकडे कोणालाही हादरवतील.

पण त्याच लेखात आणखी एक हकीकत आहे. कडेच्या कप्प्याची एकुलती वाट एखादा बलवान नर अडवून बसे. आत त्याच्यासह काही माद्या राहत. या माद्या घरटी बांधत, पिल्लांना पाजत, धोका दिसला की एकेक पिल्लू तोंडात धरून सुरक्षित जागी नेत. खोली तीच, अन्न तेच, खोलीतली एकूण संख्याही तीच. फरक होता तो दारे किती आणि आईला त्रास किती, याचा. मधल्या कप्प्यांत माजावर आलेल्या मादीमागे नरांच्या झुंडी लागत, बिळातही तिची सुटका नसे.

दुसरी गोष्ट अन्नाची. पहिल्या मालिकेत कडक गोळ्या जाळीआड ठेवल्या होत्या. त्या कुरतडायला वेळ लागे, त्यामुळे इतर उंदीर शेजारी येऊन खात. हळूहळू उंदरांना सोबतीशिवाय खाणेच सुचेनासे झाले. खाण्याच्या वेळी ८० पैकी ६० उंदीर एकाच कप्प्यात जमत आणि बाकीचे कप्पे विरळ राहत. दुसऱ्या मालिकेत भुकटीचे अन्न उघड्या भांड्यात दिले, तेव्हा असे आपणहून जमणे झाले नाही. म्हणजे गर्दीचा एक भाग लोकसंख्येने घडवला होता आणि एक भाग अन्नाच्या भांड्याने.

हे सारे कॅल्हून यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. माझा आक्षेप शीर्षकाला आणि शब्दयोजनेला आहे. शीर्षकाने सगळे श्रेय 'घनते'ला दिले. 'विकृती' हा शब्द निरीक्षणाच्या आधीच निकाल देतो. लेखाच्या शेवटी, अशा अभ्यासाचा उपयोग माणसांच्या प्रश्नांवर मत बनवताना व्हावा, अशी आशाही व्यक्त केली आहे. वाचकांनी मग शीर्षक आणि शेवट तेवढा लक्षात ठेवला. कडेच्या कप्प्यांतल्या आया विसरल्या गेल्या.

आणखी एक उणीव तीस वर्षांनंतर स्पष्ट दिसू लागली. अनेक आया एकाच जागी राहिल्या तर पिल्लांचे काय होते, हा प्रश्न नुसत्या संख्येने सुटत नाही. उंदराचे नवजात पिल्लू पाच-सहा ग्रॅमचे असते. त्याला केस नसतात, डोळे मिटलेले असतात, अंगात ऊब टिकत नाही. आई चाटत नाही तोवर त्याला लघवीही करता येत नाही. घरटे, ऊब, चाटणे, दूध आणि भरकटलेल्याला परत आणणे या साखळीवर त्याचा जीव टांगलेला असतो. यातली एक कडी तुटली की बाकीच्या निरुपयोगी ठरतात.

ही साखळी एकाच आईने सांभाळली पाहिजे असेही नाही. उंदरीण आपल्या आणि परक्या पिल्लांत फारसा भेद करत नाही. जे. एस. रोझेनब्लॅट यांनी १९६७ मध्ये दाखवले की, कधीही न व्यालेल्या मादीजवळ रोज लहान पिल्ले ठेवली तर काही दिवसांत तीही त्यांना उचलू, चाटू लागते. दोन माद्या एका घरट्यात व्याल्या तर दोघींची वेते एक होतात आणि दोघी सगळ्यांना पाजतात.

मग बिघडते कुठे? मेनेला, ब्लूमबर्ग, मॅकक्लिंटॉक आणि मोल्ट्झ यांनी १९९० मध्ये याचा शोध घेतला. दोन्ही वेते जवळजवळ एकाच वेळी जन्मली तर पिल्लांचे चांगले चालते. घरट्यात आधीच मोठी पिल्ले असतील, तर नंतर जन्मलेल्यांचे जगणे अवघड होते. कारण सरळ आहे. मादीला बारा आचळे असतात आणि दूध सतत झरत नाही. काही मिनिटांच्या अंतराने ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या प्रभावाने एकदम सुटते. त्या क्षणी जे पिल्लू आचळाला असेल त्यालाच ते मिळते. दोन आठवड्यांच्या दांडग्या पिल्लांपुढे काल जन्मलेल्याचा काय निभाव लागणार?

हे मी वाचण्यापूर्वी पाहिले होते. संशोधक विद्यार्थी असताना जागा वाचवण्यासाठी मी दोन गाभण माद्या एका पिंजऱ्यात ठेवल्या. एक आधी व्याली, दुसरी बारा दिवसांनी. दुसरीची पिल्ले रोज एक-दोन कमी होत गेली. वहीत मी लिहिले, 'दुसरी मादी निष्काळजी.' ती तर दिवसभर घरट्यात बसून पाजत होती. तिचे दूध पहिलीची पिल्ले पीत होती. दोष वेळापत्रकाचा होता आणि ते वेळापत्रक माझे होते.

शिवाय नर सोबत ठेवला तर मादी व्याल्यावर दिवसभरातच पुन्हा गाभण राहू शकते आणि तीन-साडेतीन आठवड्यांत पुढचे वेत येते. नर आणि अनेक माद्या कायम एकत्र असलेल्या कॅल्हून यांच्या खोलीत निरनिराळ्या वयांची पिल्ले असणारच. लहानग्यांच्या मरणात या वयाच्या अंतराचा वाटा किती, हे लेखात वेगळे काढलेले नाही. ९६ टक्क्यांचा आकडा खरा आहे, पण त्यात अनेक कारणांची बेरीज आहे. तिला एकच नाव देणे ही लेखाची खरी चूक.

याचा अर्थ गर्दी निरुपद्रवी आहे असा नाही. दुसऱ्या मालिकेतले ८० टक्के मृत्यूही भयंकरच आहेत. पण 'गर्दीने माया आटते' हे वाक्य त्या खोलीतल्या उंदरांनाही पुरते लागू पडत नाही, मग माणसांची गोष्ट दूरच. जोनाथन फ्रीडमन यांनी माणसांवरचे प्रयोग १९७५ च्या आपल्या पुस्तकात मांडले. त्यांनाही नुसत्या दाटीचा असा सरळ दुष्परिणाम आढळला नाही.

तेव्हा शिक्षकांना सुचवावेसे वाटते की हा प्रयोग वर्गात जरूर सांगावा, पण फळ्यावर आधी चार कप्प्यांचा नकाशा काढावा. पिल्ले कोणत्या कप्प्यात जगतील, हे मुलांना विचारावे. मग अन्नाचे भांडे बदलले तर काय होईल, दोन वेतांत बारा दिवसांचे अंतर पडले तर काय होईल, हे विचारावे. एका परिणामामागची कारणे सुटी करणे हेच तर विज्ञानाचे काम आहे आणि त्याचा इतका चांगला पाठ सहसा मिळत नाही.

त्या मुलीला मी आज वेगळे उत्तर देईन. खोलीत माणसे किती हे मोजून मुलांचे भवितव्य कळत नाही. आयांना निवांतपणा मिळतो का, धाकट्याचा घास थोरला ओढत नाही ना, आणि दाराशी कोण उभे आहे, हे पाहावे लागते. तीन आया एका खोलीत असणे ही कदाचित त्या घराची शक्तीच असेल.