नाक्यावरची पोरे आणि पलीकडची मुलगी

भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ १९६५ साली निघाली, तेव्हा आचार्य अत्र्यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. चकलीच्या ताटाशी असल्या पुस्तकाची चर्चा कशाला, असे एखाद्या गृहिणीला वाटेल. पण मी शाळामास्तर आहे, आणि आमच्या हिंगोलीच्या एस. टी. स्थानकापाशी मला रोज असाच एक नाका दिसतो.

पोक्या आणि त्याचे सोबती मुंबईच्या नाक्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या मुलींवर शेरे मारतात, बढाया मारतात. त्या वेळी अनेकांना त्यात नुसती अश्लीलता दिसली. मला वाटते, पाध्ये यांनी अचूक हेरले ते निराळेच: यातला प्रत्येक पोरगा बोलतो तो शेजारच्या पोराने ऐकावे म्हणून! मीही कादंबऱ्या लिहितो. पोरांची अशी बोली मला कधी साधली नाही.

पुढे शास्त्रज्ञही तिथेच पोचले. अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी लोकांना पडद्यावरची मोटार हाकायला दिली. २००५ साली त्यांनी दाखवून दिले, की सोबती बघत असले म्हणजे किशोरवयीन मुले एरवीपेक्षा फार धोका पत्करतात. थोरांवर तेवढा परिणाम होत नाही. मेंदूचा आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो म्हणे. लंडनमध्ये १९६१ पासून ४११ मुलांचा माग पुढे कित्येक दशके ठेवला गेला. वयाबरोबर बहुतेकांचा तो भर ओसरला. निम्म्याहून अधिक गुन्हे मूठभरांच्याच नावावर निघाले.

हे वाचून मास्तराला धीर येतो. पण माझी तक्रार इथेच सुरू होते. गोष्ट पोक्या सांगतो, म्हणून शेरा ज्या मुलीला लागला तिच्या मनात आपल्याला शिरता येत नाही. पोराचा भर ओसरायला दहा वर्षे लागतील; तेवढा वेळ तिला कोण देणार?

काही वर्षांपूर्वी कयाधूपलीकडून चालत येणारी माझ्या नववीतली एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. वाटेवरच्या पोरांतला एक माझाच विद्यार्थी. त्याला एकट्याला बोलावले, तो ढसाढसा रडला, मी पाठीवर हात ठेवला. ‘वयच तसे’ असे मनाशी म्हणालो. तिच्या गावी मात्र दिवाळीनंतर गेलो. आईने चहा दिला, लग्न ठरल्याचे सांगितले. दप्तर तेवढे ओळखीचे होते. ते धाकट्या भावाच्या खांद्यावर होते.